न विचारता चालणारी बाई

ओल्वेन प्रॉबर्ट तोंडाळ आहे हे अख्ख्या गारवेलला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, आणि त्याची लाज वाटायचं तिला काही कारण दिसत नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला, नवरा गुरांच्या गोठ्यात राबून राबून गेला, आणि आता हातात कोयता घेऊन ती नदीकाठची वाट साफ ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. वाटेवर काटेरी जाळ्या वाढल्या की तिला ते अंगणात कचरा साचल्यासारखं वाटायचं.

वाट मॉनो नदीवरच्या लाकडी साकवापासून निघायची. साकवाच्या पलीकडे वेल्स, अलीकडे इंग्लंड. ऑल्डरच्या झाडांच्या सावलीतून, जंगली लसणीच्या उग्र वासातून ती गावाच्या टोकाला, ‘सामन’ नावाच्या पबच्या मागच्या दारी यायची. तिथून पुढे ओकच्या रानात शिरून टेकडीवरच्या पडक्या बुरुजापर्यंत चढायची. वेल्सकडून लुटारू येतायत का, हे पाहायला तो कोणे एके काळी बांधलेला. आता तिथे मेंढ्या बसायच्या.

या सगळ्या जमिनीचे मालक, म्हातारे मेजर वारले आणि ती लॅथम नावाच्या शहरी माणसानं घेतली. त्याला रानात शिकारीचे पक्षी पाळायचे होते. पहिल्याच वसंतात त्यानं दोन फाटकं ठोकली, एक साकवाशी, एक रानाच्या तोंडाशी. कुलपं घातली, ‘खासगी’ अशी पाटी लावली. ओल्वेन कोयता घेऊन आली आणि फाटकासमोर उभी राहिली. मग फाटकावर चढून पलीकडे उतरली. वय वर्षं अठ्ठावन्न.

पण चढून जाणं पुरेसं नव्हतं. क्लेम पाउल्सचे गुडघे गेलेले, पोस्टातल्या बाईला लहान पोरं. वाट सगळ्यांची राहायला हवी होती, एकट्या दांडग्या बाईची नव्हे. ओल्वेन जिल्ह्याच्या कचेरीत भांडून भांडून सुनावणी लावून आली आणि गावाला पबमध्ये गोळा केलं.

“कायदा सोपा आहे,” ती म्हणाली. “वीस वर्षं लोक उघडपणे एखाद्या वाटेनं चालले, कुणी अडवलं नाही, तर ती वाट लोकांची. झालं. तुम्ही उभं राहायचं आणि चाललो म्हणून सांगायचं. एवढं तरी जमेल ना?”

“न जमायला काय झालं?” क्लेम म्हणाला. तो आयुष्यभर कुंपणं घालत आला होता. “मी तर चालायला शिकलो तोच त्या वाटेवर.”

सुनावणी गावच्या सभागृहात होती. अधिकारी सभ्य, चष्मेवाला, चहाचा कप जपून धरणारा. लॅथमचा वकील हसतमुख. क्लेमनं रविवारचा कोट घातला होता.

“मिस्टर पाउल्स, किती छान,” वकील म्हणाला. “आणि मेजरसाहेब वाटेत भेटले तर तुम्ही काय करत होता?”

“टोपी काढायचो की. आम्ही काय जनावरं आहोत?”

“आणि काही बोलायचात?”

“‘जातो हं साहेब, चालेल ना?’ असं म्हणायचं. रीतच होती ती. ते काठी वर करायचे. म्हणायचे, ‘खुशाल जा, क्लेम.’ सोन्यासारखा माणूस.”

“म्हणजे परवानगी द्यायचे.”

“कधी नाही म्हणाले नाहीत हो!”

वकिलानं मान लववली आणि बसला. मग पोस्टातली बाई. मग लोहार. प्रत्येकानं छाती काढून सांगितलं की आपण रीतीचे लोक, न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकलं नाही. शेवटी वकील अधिकाऱ्याकडे वळला. परवानगीनं चालणारा हा पाहुणा असतो, म्हणाला, आणि पाहुण्याला यजमान कधीही दार लावू शकतो. शंभर वर्षं विचारून चाललात तरी हक्क तयार होत नाही.

 ओल्वेननं वर्षांवर जोर दिला होता, विचारण्यावर नाही. ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या बापाला मेजरनं घरातून बाहेर काढलं तेव्हापासून तिनं त्या माणसाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. सगळं गाव टोप्या काढून विचारत होतं आणि तिला पत्ता नव्हता!

“मी कधी विचारलं नाही,” ती उठून म्हणाली. “एकदाही नाही.”

“त्यात शंका नाही, बाईसाहेब,” वकील म्हणाला, आणि सभागृह हसलं. तिच्याच गावचे लोक हसले. “पण एका बाईचा हट्ट म्हणजे जनता नव्हे.”

सुनावणी दुसऱ्या दिवसावर गेली. बाहेर क्लेम टोपी चुरगाळत उभा होता.

“मी काही चुकीचं बोललो का गं?”

“नाही रे बाबा. खरं बोललास. अगदी टोपी काढून गळा कापलास.”

“मग आता?”

 ओल्वेन नदीकडे बघत होती. न विचारता चालणारे कोण? मेजरला साहेब न मानणारे कोण? आणि मग तिला हसू फुटलं. लहानपणी ती ‘सामन’मध्ये पेले धुवायची, तेव्हा रविवारी दुपारी मागच्या दारानं कोण यायचं ते तिनं पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत वेल्समध्ये रविवारी पब बंद असत. कायदाच तसा. पलीकडचे बाप्ये सकाळी चॅपलमध्ये देवाची गाणी म्हणायचे, जेवायचे, आणि ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत साकवावरून इंग्लंडात उतरायचे. गाड्यांच्या दगडी पुलावर पाळकाच्या खिडकीतून नजर असायची, साकवावर कुणाची नव्हती.

ओल्वेन तशीच साकवावरून पलीकडे गेली, पुन्हा एकदा फाटकावर चढून. त्या बाप्यांपैकी एक, एलायस वॉटकिन्स, आपल्या मेंढवाड्यात मेंढीचे खूर कापत बसला होता. आता तो चॅपलच्या पंचांतला मोठा माणूस, दानपेटी फिरवणारा.

“एलायस, उद्या माझ्याबरोबर चल. रविवारी कुठे जायचास ते सांग.”

त्याच्या हातातली मेंढी निसटली. “हळू बोल, बाई! केझाया आत आहे.”

“वाट जाईल रे.”

“वाट तुमच्या बाजूची. माझं नाक मात्र माझ्या बाजूला कापलं जाईल. अख्ख्या चॅपलसमोर मी उभा राहून सांगू, की ज्या तोंडानं प्रार्थना म्हटली त्याच तोंडानं सायडर, सफरचंदाची दारू, प्यालो?”

“मी नाव घेणार नाही तुझं. जबरदस्ती नाही. पण तुम्ही पाचसहा जण सोडलात तर त्या वाटेनं ताठ मानेनं कुणी चाललंच नाही, एलायस. आमचे सगळे टोपी काढत बसले.”

 तेवढ्यात बादली आपटल्याचा आवाज झाला. त्याची बायको केझाया दारात उभी होती, हात ओले.

“येईल तो,” ती म्हणाली.

“केझाया, अगं हे काही तसं...”

“तसं काय? दर रविवारी देवाचं चिंतन करायला जायचात, आणि पॅंटला लसणीचा वास घेऊन यायचात. आपल्या बाजूला लसूण उगवते कुठे? एवढी वर्षं धुतेय मी ती पॅंट.” ती ओल्वेनकडे वळली. “किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी एलायस आला तेव्हा चॅपलमधले चार म्हातारेही मागे होते, शाळेत मार खायला निघालेल्या पोरांसारखे. केझाया सर्वांच्या पाठीशी, कुणी पळू नये म्हणून. पाळकाची नजर चुकवून रविवारी कुठे जायचो, ते एलायसनं मान खाली घालून सांगितलं.

“तुम्ही कुणाची परवानगी घेतलीत का?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“कुणाची घेणार, साहेब? इंग्रज जमीनदाराची?” एलायस म्हणाला, आणि मागच्या बाकांवर वेल्सवाले खुसखुसले. “लहानपणापासून ती वाट वाटच होती आम्हाला.”

वकील चटकन उठला. “पण तुम्ही चोरून जात होता. स्वतःच कबूल केलंत. चोरून वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही.”

  हे ओल्वेनच्याही ध्यानात आलं नव्हतं.

एलायसनं मान वर केली. “चोरून? पाळकापासून चोरून. बायकोपासून चोरून, असं मला वाटत होतं. जमीनदारापासून कशाला? परत येताना आम्ही गात यायचो हो. चार आवाजांत.”

“गात?”

“भजनं. दुसरं काय येतं आम्हाला?”

आणि मग क्लेम उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं. “खरंय, साहेब. मी मेजरांच्या बागेत कुंपण घालत असायचो, तेव्हा ऐकलंय. मेजर म्हणायचे, ‘आले ते वेल्सचे बैल.’ आणि खिडकी लावून घ्यायचे.”

“अडवत नव्हते?”

“छे. खिडकी लावायचे, बस.”

या खेपेला सभागृह हसलं ते ओल्वेनला आवडलं.

निकाल आला तेव्हा रानात ब्लूबेलची निळी फुलं कोमेजत होती. साकवापासून ‘सामन’पर्यंतची वाट लोकांची, कुलूप काढा. पण पबपासून वर बुरुजापर्यंतची रानातली वाट नाही. पिणारे पबच्या पुढे कधी गेलेच नव्हते. रानात न विचारता गेलेली माणसं म्हणजे एकटी ओल्वेन.

“अर्धी मिळाली,” क्लेम म्हणाला. “अर्धी म्हणजे काही कमी नाही गं.”

“अर्धी वाट म्हणजे वाट नव्हे, क्लेम. ती गल्ली झाली.”

“वीस वर्षं लागतील पुन्हा. तू अठ्ठ्याहत्तरची होशील.”

“मग लवकर सुरू केलेलं बरं.”

तिनं नदीच्या पलीकडे आणि खालच्या गावांत निरोप धाडले. जे कधी मेजरला भेटले नव्हते, लॅथमला ओळखत नव्हते, असे लोक पाहिजेत. त्या रविवारी दुपारी ती रानाच्या फाटकाशी आली तेव्हा एलायस होता, केझाया होती, खालच्या गावचे, खाणीवरचे दोन तरुण आणि त्यांच्या बायका होत्या. क्लेमही होता, काठी टेकत. तरुणांनी त्याला फाटकावरून उचलून पलीकडे ठेवला.

ओकच्या सावलीत ते अर्ध्या चढावर पोचले, आणि वरून लॅथम कुत्र्यासकट खाली आला. ओल्वेन थांबली. तो शिव्या देईल अशी तिची तयारी होती. पण तो हसत होता. वकिलानं त्याला शिकवलेलं दिसत होतं.

“मिसेस प्रॉबर्ट!” तो दुरूनच गोड आवाजात ओरडला. “खुशाल फिरा! तुम्हा सगळ्यांना माझी परवा—”

“मागे वळू नका!” ओल्वेन इतक्या जोरात किंचाळली की कुत्रं भुंकायला लागलं. “कुणी काही ऐकलेलं नाही! चला, चला वर!”

“मी म्हणतोय की माझी—”

“ऐकू येत नाही! तुमचं कुत्रं आवरा आधी!”

केझायानं दोन्ही हात कानांवर ठेवले. खाणीवरची पोरं हसत हसत धावत सुटली. क्लेम मात्र थांबला होता. त्याचा हात सवयीनं टोपीकडे चालला होता.

“क्लेम,” ओल्वेन त्याच्या कानाशी म्हणाली, “आभार मानलेस तर तंगडं मोडीन.”

त्यानं टोपी खाली ओढून कान झाकले आणि काठी पुढे टेकली. ओल्वेननं त्याच्या काखेत हात घातला आणि दोघं, कुणालाही उत्तर न देता, बुरुजाकडे चढू लागले.