बाकाची मोकळी कड

दोन बोटांनी बाकावर टकटक करायची आणि म्हणायचं, "सरका जरा. सरकल्याने कुणी झिजत नाही." नाशिकच्या आमच्या शाळेत गणिताच्या बाई एवढ्यावरूनच ओळखू यायच्या. तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, मुलं ज्यांना घाबरतात आणि ज्यांच्याच तासाची वाट बघतात.

दर सोमवारी त्या वर्गाच्या जागा बदलायच्या. एका बाकावर एक मुलगा, एक मुलगी. जूनमध्ये दोघं मधून म्हैस जाईल एवढी जागा ठेवून बसायची. दिवाळीपर्यंत पट्टीवरून भांडायला लागायची. "भांडतात ना? म्हणजे माणसात आली," बाई म्हणायच्या. मी मराठी शिकवते, तोंड वाजवणं माझंच काम. पण स्टाफरूममध्ये बाईंपुढे माझंही चालायचं नाही. काही पालक मुलामुलींचे वर्ग वेगळे करा म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागले होते. बाईंचा ठाम नकार. "पुढे एकत्रच राहायचंय ना त्यांना? मग शिकायचं कधी, लग्नाच्या मांडवात?"

मग त्यांनी एक फोटो काढला. नववीचा वर्ग, बाकाबाकावर जोड्या, सगळे हसरे. कौतुकाने पालकांच्या ग्रुपवर टाकला. पहिल्या बाकावर घोटीची एक मुलगी होती, मामाकडे राहून शिकणारी, बाईंची लाडकी. शेजारच्या मुलाच्या वहीत बघून ती खळखळून हसत होती. फोटो फिरत फिरत घोटीला पोहोचला आणि सोमवारी तिची जागा रिकामी होती.

आम्ही दोघी एसटीने घोटीला गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला, आवाज चढवला नाही. "तुमच्यावर राग नाय बाई. पण गावानं फोटो पाह्यला. पोरी वेगळ्या बसत असत्या तर धाडली असती." मुलगी दाराआड उभी होती.

पुढच्या बैठकीत बाईच उभ्या राहिल्या. "करा वर्ग वेगळे." कुणाला खरं वाटेना. मुख्याध्यापकांनी तर दोनदा विचारून घेतलं.

वर्ग वेगळे झाले त्या रविवारी आम्ही पुन्हा घोटीला गेलो. "आता मुलींचा वेगळा वर्ग आहे. पाठवा तिला," बाई म्हणाल्या. वडिलांनी मान खाली घातली. "सुपारी फुटली बाई. लगीन अठरा भरल्यावरच करू, कायदा ठाऊक हाय. पण तवर पोरगी घरीच ऱ्हाईल. सोयऱ्यांची अट हाय तशी."

मुलगी खाटेवर बसली होती. बाई जवळ गेल्या, तशी ती न सांगता सरकली.

परतताना बाई रडल्या. "तिच्यासाठी सगळं सोडलं गं मी. आणि तीही नाही आली."

त्यानंतर मुलींच्या वर्गात त्या पहिल्या बाकाची कड मोकळी ठेवायला लावायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "येईल ती." बाईंना जाऊनही आता दोन वर्षं झाली. वर्ग मात्र वेगळेच राहिले, पुन्हा एकत्र करा म्हणायला कुणी उरलं नाही.

ती कड अजून मोकळी असते. मी कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्या मुली धाकट्यांना सांगत असतील. काल एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, इथे कोण बसतं?" खाली पाहिलं, तर माझीच दोन बोटं त्या बाकावर टकटक करत होती.