संरक्षण समितीच्या पुड्या

नव्वदीच्या दशकात मी बनारसच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. मुन्शी घाटामागच्या गल्लीत राहायचो आणि रविवारी सायकल काढून शहराबाहेरच्या तालावर, म्हणजे तळ्यावर, जायचो. तिथल्या दलदलीत मला एक मॉस सापडलं होतं, पोपटी, जेमतेम रुमालाएवढं. आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं तर, "अरे, काई है भाई," म्हणून त्यांनी हात झटकले. तळ्यावरचं शेवाळ आणि मॉस यांतला फरक या गृहस्थांना तीस वर्षं शिकवूनही कळला नव्हता.

मॉस नक्की ओळखायचं तर त्याची बीजाणूंची बोंडी लागते. मोहरीहून लहान ती बोंडी उघडून तिच्या तोंडावरचे दात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. माझ्या मॉसला बोंडीच धरेना. दोन हिवाळे मी नुसते गुडघे चिखलात माखून परतलो. आई म्हणायची, "एवढ्या चकरा विश्वनाथाला मारल्या असत्यास, तर लग्न तरी जमलं असतं रे!" तिसऱ्या हिवाळ्यात बोंड्या आल्या. तीनतीनदा ताडून पाहिलं. गंगेच्या या सपाट मुलखात त्याची नोंदच नव्हती. मला रडू आलं, आणि त्या भरात मी प्रमुखांना सांगून बसलो.

लगेच संरक्षण समिती झाली. अध्यक्ष अर्थातच ते. प्रमुखांसह पाच प्राध्यापक जीपमधून तालावर उतरले, बूट भरू नयेत म्हणून चिखलात विटा टाकत. आमच्यात रीत अशी, की नमुना कागदाच्या पुडीत घालायचा आणि वर संग्राहक म्हणून आपलं नाव लिहायचं. पुडी नाही तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता. "एक पुड़िया हमारे नाम की भी," म्हणत अध्यक्षांनी पहिली चिमूट उपटली. मग बाकीचे वाकले. एकानं तर घरी बसलेल्या बायकोच्या नावानंही पुडी केली. इतकी हावरट माणसं मी श्राद्धाच्या पंगतीतही पाहिली नव्हती.

अहवालात लिहिलं, प्रजाती सुरक्षित. सात पुड्या कपाटात गेल्या, डांबराच्या गोळ्यांसोबत.

पुढच्या हिवाळ्यात तिथे नुसता काळा चिखल होता. मी त्या पाचजणांना तोंडभर शिव्या दिल्या, अजूनही देतो. पण शेवटची चिमूट त्यांच्यापैकी कुणी उचलली नव्हती. ते जीपकडे वळल्यावर, आता एवढंसं राहून तरी काय उपयोग, असं म्हणून मी ती उचलली. बोंड्या होत्या त्या तिच्यातच.