ड्रमला भोक

पांडेसऱ्यातल्या डायच्या कारखान्यात ते केमिस्ट होते आणि मी टायपिस्ट. माल जर्मनीला जायचा, म्हणून कुठला रंग किती घातक आहे ते युरोपच्या नियमांप्रमाणे ठरवून त्याची सेफ्टी डेटा शीट करायचं काम त्यांच्याकडे होतं. ते सांगत, मी टाइप करी. वाक्य संपलं की म्हणत, “पूर्णविराम.” ही सवय इतकी मुरली होती की चहावाल्यालाही सांगत, “साखर नको, पूर्णविराम.”

एकदा म्हणाले, “लिहा ताई. रिकामा ड्रम पुन्हा वापरू नये. भोक पाडून टाकावा. पूर्णविराम.”

माझे हात थांबले. कारखान्यात रसायनं यायची ते ड्रम रिकामे झाले, की शेठ ‘धुतलेले आहेत’ म्हणून आमच्याच वस्तीत विकायचे. दारोदार त्यांत पिण्याचं पाणी भरलेलं असे. माझ्याही दारात एक होता. मी तसं सांगितलं.

ते उठले. मागच्या आवारात गेले आणि पहारीने एकेका ड्रमच्या बुडाला भोक पाडू लागले.

शेठ धावत आले. “अरे, ते कागद जर्मनीवाल्यांसाठी आहेत.”

“जर्मनीवाले ड्रममधलं पाणी पीत नाहीत, शेठ. आमची माणसं पितात.”

शेठ मराठी विसरून गुजरातीवर आले. “पण हवे आ ड्रम लेशे कोण?”

त्यांनी पुढचा ड्रम आडवा केला.

“कोणीही घेणार नाही. पूर्णविराम.”