हॉइटची जागा

हॉइट प्रुइटच्या उजव्या अंगठ्याची कातडी कायम सोललेली असायची. बास माशाचे दात कानशीसारखे बारीक, आणि त्याला जबड्यात अंगठा घालूनच उचलावं लागतं. तळ्यावर ज्याचा अंगठा जास्त खरबरीत, त्याचा मान मोठा. हॉइटचा मान मोठा होता आणि तो त्याच्या डोक्यातही गेला होता.

त्याची एक जागा होती. चर्चचा कळस आणि गावची पाण्याची टाकी एका रेषेत आली की होडी थांबवायची. त्या पाण्याखाली नाताळची झाडं होती. अलाबामातल्या त्या तळ्याकाठी सण सरला की लोक सुकलेली झाडं रस्त्याकडेला टाकतात आणि मासे धरणारे ती उचलून नेतात. खोडाला काँक्रीटची वीट बांधून झाड बुडवायचं. फांद्यांत बारकी मासळी लपते, तिच्यामागं बास येतो. हे काम दोघांचं. एकानं वीट सोडायची आणि दुसऱ्यानं शेंडा धरून ठेवायचा, नाहीतर झाड भलतीकडेच जाऊन पडतं. बापानं हॉइटला आणि धाकट्या कर्टिसला असंच शिकवलं होतं. "धर रे कर्टिस," असं हॉइट म्हणायचा. गाठी मात्र कर्टिस मारायचा. तो डावखुरा, त्यामुळं त्याची गाठ उलटी वळायची आणि बाप हसायचा.

ती जागा पुढं हॉइटच्या वाट्याला आली. तिथं एकदा तुमची जागा म्हणजे तुमचीच. दुसऱ्याच्या जागेवर गळ टाकणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं.

एका जानेवारीत हॉइटचा खांदा निखळला. हात गळ्यात बांधूनच तो रविवारी चर्चला गेला. पाद्रीबाबांचा घसा बसला होता, प्रार्थना लवकर सुटली. हॉइट तळ्याकडे वळला तर कळस आणि टाकीच्या बरोबर रेषेत कर्टिसची होडी.

"माझ्या जागेवर?" कर्टिस धक्क्याला लागताच हॉइट म्हणाला.

"मी मासे धरत नव्हतो."

"मग काय प्रार्थना करत होतास? चोराच्या उलट्या बोंबा."

कर्टिसनं तोंड उघडलं, भावाच्या गळ्यातल्या हाताकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. या दोघांचं दुभंगलं. वर्षानुवर्षं एकाच गावात, एकाच चर्चमध्ये राहून बोलणं नाही. जानेवारीत कर्टिसचा बाक एखाद्या रविवारी रिकामा दिसला की हॉइट पुढच्या बाकावरून मान वळवून बघायचा. देवाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं त्याला वाटायचं आणि बरं वाटायचं.

खांदा काही पूर्वीसारखा झाला नाही. झाड उचलणं सुटलं, पण जागेवर मासे तेवढेच. दुकानदार डेल आमिषाची रबरी अळी पुडीत बांधता बांधता चिडवायचा, "हॉइट, नाताळचं झाड चार-पाच वर्षांत कुजतं. तुझी काय लोखंडाची आहेत?"

"हात कुणाचा आहे ते बघ," हॉइट म्हणायचा.

मग एका फेब्रुवारीत कर्टिस गेला. बसल्या जागी हृदय बंद पडलं. अंत्यविधीला हॉइट सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि तोंड न बघताच घरी आला. त्याला एकच गोष्ट धरून ठेवायची होती. कर्टिस चोर होता. तो चोर नसेल, तर एवढी वर्षं गेली ती कशापायी?

मार्चमध्ये तो जागेवर गेला. पाणी थंड असलं की बास आळसावतो. अळी तळावरून रांगल्यासारखी ओढावी लागते. तंगुसावर, गळाच्या दोरीवर, बोट ठेवलं की तळ कळतो. दगड टकटक करतो, चिखल चिकटतो, फांदी रबरासारखी ताण देते. तसाच ताण आला. अळी अडकली होती. हॉइटनं तंगूस मनगटाला गुंडाळून ओढलं आणि झाडाचा शेंडा मोडून वर आला.

त्याची पानं अजून हिरवी होती. एका डहाळीला नाताळच्या सजावटीची चंदेरी झिरमिळी. शेंड्याला दोरी बांधलेली होती. शेंडा धरायला दुसरं कुणी नसलं की माणूस बांधतो, तशी. गाठ उलटी वळलेली होती.

हॉइट ओल्या शेंड्यासकट तसाच लोरीनच्या, कर्टिसच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर लोकांनी दुखवट्याला जेवण घालून आणलेली भांडी परत द्यायला धुऊन ठेवली होती, प्रत्येकाच्या बुडाला ज्याच्या त्याच्या नावाची चिकटपट्टी. तिनं शेंडा पाहिला आणि हात पुसले.

"आमच्याच घरातलं झाड आहे ते," ती म्हणाली. "दरवर्षी न्यायचा. तुझा खांदा गेला तेव्हापासून."

"सांगितलं का नाही मग?"

"तुला? तू दुसराही खांदा मोडून घेतला असतास, पण मदत घेतली नसतीस. म्हणून तर तू चर्चमध्ये असताना जायचा."

"आणि मी चोर म्हटल्यावरही?"

"मी म्हणायचे, तो तुझं तोंड बघत नाही, कशाला मरतोस? तर म्हणायचा, मासा लागला नाही की हॉइटला दिवसभर करमत नाही." तिनं डहाळीवरची झिरमिळी सोडवून घेतली. "फार वाट बघितली रे त्यानं तुझी."

हॉइट खुर्चीत बसला आणि रडला. स्वतःच्या बायकोच्या मरणालाही तो असा रडला नव्हता. नंतर म्हणाला, "त्याची जागा कुठं होती ते सांग. मी तिथं झाड टाकतो."

"त्याची कसली जागा? एकच जागा सांभाळली त्यानं."

पुढच्या जानेवारीत एका रविवारी चर्चमधला पुढचा बाक रिकामा होता. हॉइट लोरीनकडचं झाड होडीत घालून तळ्यावर आला होता. कळस आणि टाकी एका रेषेत आल्यावर त्यानं होडी थांबवली. शेंड्याला बांधायला दोरीही आणली होती, पण ती त्याच्या लक्षातच राहिली नाही. दुखऱ्या खांद्यानं त्यानं वीट काठावर घेतली.

"धर रे कर्टिस," तो म्हणाला, आणि वीट सोडली.