सोळा सोमवार आणि गच्चीवरची बाटली

समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतील रहिवाशांस कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो, की माझी लघवी जांभळी होते.

हे सिद्ध करायला मला निम्मं आयुष्य लागलं. पोट असं दुखायचं की मी फरशीवर लोळायची. सोनोग्राफीत मात्र काही दिसायचं नाही. एका डॉक्टरांनी अपेंडिक्स काढलं, तेही बिचारं निर्दोष निघालं. त्यातून मी म्हणजे सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी मरणारी बाई. माझं मरण इतकं गाजलेलं, की घरात कळवळले तरी नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, "गणपतीत जास्त चांगलं केलं होतंस."

सासूबाई चांदवडच्या. पोटदुखीवर त्यांचा एकच इलाज, लंघन. शिवाय मला बरं वाटावं म्हणून त्या देवाला उपास बोलायच्या आणि ते करायची मी. साबुदाण्याच्या खिचडीचे लाड नाहीत, नुसतं पाणी. उपास झाला की पोट दुखायचं, पोट दुखलं की नवा उपास. संकष्टी, एकादशी, गुरुवार असं करत माझं जेवण अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यासारखं झालं. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा लोळले, तेव्हा सोळा सोमवार बोलले गेले.

त्याच आठवड्यात नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, "हा पोरफायरिया असणार. आनुवंशिक असतो." रक्ताचा लाल रंग बनवणारा माझा कारखाना म्हणे मध्येच अडतो आणि अर्धाकच्चा माल साचत राहतो. "उपाशी राहणं तुम्हाला विष आहे. भात खा, गोड खा."

"घरी कोण ऐकणार?"

"लघवीची एक बाटली मी काळ्या कागदात गुंडाळून तपासणीला पाठवते. दुसरी तुम्ही घरी उन्हात ठेवा. रंग बदलला तर घरचे बघतील."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ती डॉक्टरीण बी तुझ्याच नाटकातली असंल. सोमवार करायचे म्हंजे करायचे."

सोमवार उद्यावर आला होता. रविवारी सकाळी मी बाटली घेऊन गच्चीवर गेले. सासूबाई काठी घेऊन कुरडया राखत बसल्या होत्या.

"ए, लांब ठेव ते! माझ्या कुरडया बाटतील!"

मी बाटली पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. सासूबाईंनी खुर्ची उचलली, कुरडयांकडे पाठ केली आणि बाटलीसमोर मांडली. "तुझा भरवसा नाय. बीट पिळशील त्यात."

मग त्या जागच्या हलल्या नाहीत. मागे कावळ्यांनी कुरडयांची पंगत उठवली, तरी नाही. जेवणाचं ताटसुद्धा वर मागवलं. बाटलीला आधी चहाचा रंग आला, मग डाळिंबाचा. उन्हं कलेपर्यंत तिच्यात चक्क जांभूळरस दिसू लागला. कपडे काढायला आलेल्या शेजारणी भोवती जमल्या. एकीने विचारलं, "द्राक्षाचं सरबत का हो, काकू?"

सासूबाईंनी खुर्ची मागे सारली. बाटली सूर्यासमोर धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग तीच बाटली आभाळाकडे उंच धरून, शेजारच्या बिल्डिंगीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"महादेवा, सोमवार परत घे रे बाबा! हिला खरंच रोग हाय!"