तरस हाकलणारी बाई

रोज पहाटे पाहुण्यांचे डबे भरता भरता कवाता एकच प्रश्न विचारायची.

"आज बाया किती?"

किमेऊ बुटाच्या नाड्या बांधत असायचा. "तीन," म्हणायचा. कधी "पाच". कधी नुसतं, "सगळे म्हातारे आहेत, झाकणं लाव."

जितक्या बाया, तितक्या डब्यांत ती करपलेली चपाती घालायची. कुठला डबा कुणाच्या हातात पडेल हे अर्थातच तिला ठरवता येत नसे. बरेचदा ती चपाती पाहुण्यांच्या नजरेला पडण्याआधी किमेऊच स्वतःच्या डब्यात टाकून घ्यायचा आणि मुकाट्याने खायचा. तसा तो सगळंच मुकाट्याने करायचा. निदान घरी तरी.

बावीस वर्षं तो एका सफारी कंपनीची गाडी चालवत होता. नैरोबीच्या हॉटेलांतून पाहुणे उचलायचे, सहाला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उभं राहायचं, दिवसभर जनावरं दाखवायची आणि दिवे लागायच्या आत पाहुणे हॉटेलांत सोडायचे. किटेंगेलाच्या घरी पोचला की तो हाताच्या इशाऱ्याने पाणी मागायचा. घसा बसलेला असायचा. कवाता आलं ठेचून दुधाच्या चहात उकळायची, तो घुटक्याघुटक्याने प्यायचा आणि सकाळपर्यंत आवाज पुन्हा मोकळा व्हायचा. मग तो आवाज घेऊन तो निघून जायचा. घरात मुलगी मुंबुआ आणि कवाता, दोघींना मिळून दिवसाला त्याचे वीस-पंचवीस शब्द यायचे. त्यातले निम्मे "हो" आणि "बघू".

गाडीत तो फार बोलतो, हे कवाताला इतरांकडून कळलं होतं. कंपनीतले लोक म्हणायचे, किमेऊची गाडी नुसती हसत असते. हे ऐकलं की तिला उपाशी माणसाला शेजारच्या घरातला फोडणीचा वास यावा, तसं व्हायचं.

जूनमध्ये कंपनीच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत एक निळा रुमाल होता आणि पत्र होतं. आदल्या वर्षी येऊन गेलेल्या कुणा परदेशी नवरा-बायकोचं. किमेऊ ते घरी आणून आंघोळीला गेला होता, तेवढ्यात कवाताने ते मुंबुआकडून वाचून घेतलं.

"तुझ्या शूर बायकोला हा रुमाल दे," मुंबुआने वाचलं. "मक्याच्या पिठाची उगाली ढवळायच्या उलथण्याने तरस हाकलणारी बाई आम्ही विसरू शकत नाही. ती अजून सकाळी गाते का?"

कवाता पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. ती कुत्रं भुंकलं तरी दार लावून घ्यायची. आणि चर्चमध्येसुद्धा ती ओठ हलवायची फक्त, कारण तिचा आवाज फाटका होता आणि ते तिला ठाऊक होतं.

"आई, बाबा गंमत करत असतील," मुंबुआ म्हणाली.

"तू पत्र घडी कर. होतं तसं कर."

शेजारच्या ओचोलाच्या आईला मात्र गंमत वगैरे वाटली नाही. तिने ऐकून घेतलं, शेंगदाण्याचं टरफल थुंकलं आणि म्हणाली, "माझ्या दिराचं असंच निघालं होतं. रोंगाईला दुसरं घर. तीन वर्षं पत्ता नाही. तीही गायचीच."

"हे रोज घरी येतात."

"तोही यायचा. दमून यायचा." तिने कवाताकडे तिरकं पाहिलं. "तुझे किती दमतात?"

त्यानंतर दोन महिने कवाताने त्या दुसऱ्या बाईला मनात नीट घडवलं. उंच असणार. रोंगाईच्या कुठल्यातरी पत्र्याच्या घरात पहाटे गाणं म्हणत चूल पेटवणार. आणि किमेऊ तिथे बसून बोलत असणार, तासन् तास, घसा दुखेस्तोवर. कवाताला त्या बाईच्या रूपाचा हेवा वाटला नाही. धाडसाचा थोडा वाटला. पण ते ऐकणं तिला मिळतं, हे मात्र सहन होईना. रुमाल किमेऊने आणून दिला तेव्हा ती म्हणाली, "कुणाचा आहे?" तो म्हणाला, "तुझाच." तिने तो ट्रंकेच्या तळाशी टाकला.

ऑगस्टच्या सुट्टीत माचाकोसच्या मास्तरणींची एक सहल ठरली. सगळ्या किमेऊ-कवाताच्याच बोलीच्या, एकूण आठ. त्या दिवशी पहाटे "बाया किती?" विचारल्यावर किमेऊ म्हणाला, "सात. एकीला ताप आलाय."

डबे आठ भरून झाले होते. कवाताने आठवा डबा हातात धरून ठेवला.

"मग हा मी खाते. गाडीत बसून."

किमेऊने वर पाहिलं. "तिथे काय आहे तुला बघायला? जनावरं आहेत."

"बावीस वर्षं डबे भरते. एकदा खाऊन बघते."

"घरच्या माणसांना गाडीत घ्यायला कंपनीची बंदी आहे."

"मग मी घरची नाही. मास्तरीण आहे, उशिरा आलेली."

किमेऊने बराच वेळ दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. शेवटी म्हणाला, "मागच्या सीटवर बस. आणि माझी बायको आहेस हे बोलायचं नाही."

तिला हवं होतं ते कळलं. असा माणूस काहीतरी लपवत असतो. तिने डोक्याला फडकं गच्च बांधलं आणि त्याच्या मागून निघाली. मास्तरणींना त्याने ती डबे करणारी बाई म्हणून सांगितलं.

उद्यानात थंडी होती, आभाळ खाली आलेलं. किमेऊने गाडीचं छत वर उचललं आणि मास्तरणी सीटांवर उभ्या राहिल्या. गवताच्या पलीकडे शहरातल्या उंच इमारती धुक्यात अर्ध्या बुडाल्या होत्या. आणि किमेऊ बोलायला लागला.

कवाताने तो आवाज ओळखलाच नाही आधी. तोच घसा, आल्याच्या चहावर पोसलेला. पण त्यात चढ होते, उतार होते, मध्येच थांबून लोकांना ताणून धरणं होतं.

"उजवीकडे झेब्रे बघा बाई. सगळे एकाच शाळेतले, गणवेशावरून ओळखा. तो शेवटचा मात्र रोज उशिरा येतो, त्याचे पट्टे बघा, घाईत घातलेत."

मास्तरणी हसून हसून वाकल्या.

"जिराफ कधी शहरात जात नाही. का? त्याला इथूनच दिसतं तिकडे काय चाललंय."

हसू पुन्हा उसळलं. कवाताही हसणार होती, पण तिने दात आवळले. ही वाक्यं त्याच्याजवळ इतकी वर्षं होती. त्यांच्या घरासमोरच्या माळावरून झेब्रे कितीदा गेले असतील. तिथे तो म्हणाला होता, "दार लाव, धूळ येते."

दहा वाजले तरी सिंह दिसला नव्हता. गाडीतल्या रेडिओवर बाकीचे ड्रायव्हर एकमेकांना विचारत होते आणि कुणालाच काही सापडलं नव्हतं. मास्तरणी खाली बसल्या. एकीने स्वेटर ओढून डोळे मिटले. तेव्हा पुढच्या सीटवरच्या पेनिनाबाई, ज्या मागच्या वर्षी एकदा येऊन गेल्या होत्या, म्हणाल्या, "किमेऊदादा, सिंह राहू दे. यांना तुमच्या बायकोची गोष्ट सांगा. तरसाची."

आरशात किमेऊचे डोळे मागच्या सीटपर्यंत आले आणि परत फिरले.

"ती जुनी झाली, बाई."

"आम्हाला नवी आहे," दोघीतिघी म्हणाल्या.

"आज नको. आज रस्ता खराब आहे."

"रस्ता तोंडाने चालवता का तुम्ही?"

सगळ्या खिदळल्या. कवाता पुढे सरकली. किमेऊने गाडी हळू केली. सुरुवात त्याने अडखळत केली, खाकरत केली. पण गोष्ट तरस कुंपणापाशी येईपर्यंत आली आणि तो विसरला की मागे कोण बसलंय. उगाली शिजत होती. कोकरू ओरडलं. बायको उलथणं घेऊन तशीच बाहेर गेली, उलथण्यावरून पीठ गळतंय, तरसाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "पाहुण्या, जेवायची वेळ अजून झाली नाही." आणि नाकावर एक हाणली. तरस पळालं. बाई आत आली, उलथणं धुतलं आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे म्हणायला लागली.

"अशी बायको," एक तरुण मास्तरीण हळहळून म्हणाली. "नाव काय त्यांचं?"

रेडिओ खरखरला. किमेऊने तो बंद केला.

"कवाता," तो म्हणाला.

मागच्या सीटवर कवाता गारठली. रोंगाईचं पत्र्याचं घर, चूल, उंच बाई, सगळं एका शब्दात नाहीसं झालं. पण हायसं वाटलं नाही. दुसरं घर नव्हतंच, तर त्याने तिच्याच घरात, तिचंच नाव देऊन, तिच्याहून बरी बाई आणून ठेवली होती. सवत असती तर तिच्या झिंज्या धरल्या असत्या. हिला झिंज्याही नव्हत्या.

"तुम्ही हसला नाहीत, ताई," शेजारची मास्तरीण म्हणाली.

"मला थंडी वाजतेय," कवाता म्हणाली.

दुपारी जेवायला झाडांखालच्या बाकांपाशी सगळे उतरले. किमेऊने डबे मांडले. तोच झाडावरून एक दांडगा बबून वानर उतरला आणि सरळ बाकाकडे चालत आला, आपल्याच घरी आल्यासारखा. मास्तरणी किंचाळत मागे झाल्या. पण सगळ्यांत आधी गाडी गाठली ती कवाताने. आत शिरून तिने दार ओढून घेतलं, खिट्टी लावली आणि काच वर केली. किमेऊ बाहेरच राहिला. त्याने हातातल्या चपातीने वानराला हूल दिली, वानराने चपाती घेतली आणि शेजारचा एक डबाही घेतला. जाताना त्यातलं अंडं टाकून गेला.

घाबरणं संपून हसणं सुरू झालं. पेनिनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "किमेऊदादा, आज तुमच्या बायकोला आणायला हवं होतं."

गाडीची काच खाली आली.

"आणलीय," कवाता म्हणाली. "मीच ती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कवाताने फडकं मागे सारलं.

"तरस मी लांबूनसुद्धा पाहिलं नाही. गाणं मला येत नाही. उलथणं आहे, पण ते उगाली ढवळायलाच आहे."

कुणी हसलं नाही. कवाताला त्यांचे चेहरे पुढे कित्येक वर्षं आठवत राहिले. त्यांत राग नव्हता. खरं कळल्यावर मुलांचे चेहरे उतरतात, तसे ते उतरले होते. ती तरुण मास्तरीण तर अशी बघत होती, जणू कवातानेच कुणालातरी गाडीखाली चिरडलं असावं.

परतीच्या वाटेवर किमेऊने फक्त वळणं घेतली. एका वळणाला जिराफ होता. कुणालाच तो दाखवला गेला नाही.

घरी आल्यावर कवाताने चूल पेटवली नाही. आलंही ठेचलं नाही.

"चहा?" किमेऊने विचारलं.

"तिच्याकडून घ्या."

तो स्टुलावर बसला. बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, "सिंह दिसला नाही की लोक गप्प होतात. दिवस फुकट गेला म्हणतात. मग मी बायको दाखवतो."

"दुसऱ्याची दाखवा."

"पहिल्यांदा खरीच दाखवली होती, मुंबुआच्या आई. कुत्र्याला घाबरून दाराआड उभी राहते ती. तेव्हा लोक हसले. मला ते आवडलं नाही." तो जमिनीकडे बघत होता. "म्हणून दुसऱ्या दिवशी तिला दाराबाहेर काढली. मग ती पुढेच जायला लागली."

हे ऐकून कवाता जास्तच चिडली.

"आणि मला का नाही कधी सांगितलं? झेब्र्याचा गणवेश, जिराफ. यातलं काही."

"तुला काय सांगायचं? तू इथेच असतेस. तुला सगळं माहीत असतं."

"मला सिंह कसा बसतो ते माहीत नाही," कवाता म्हणाली. "आजही नाही कळलं."

मग तिने अट घातली. तिथे जे जे बोलाल, ते सगळं घरी येऊन बोलायचं. आधी गोष्ट, मग चहा. किमेऊने कुरकुर केली, घशाकडे बोट दाखवलं. ती बधली नाही.

पहिले काही दिवस हाल झाले.

"सिंह दिसला."

"कसा?"

"बसलेला."

"माणसंही बसतात. कसा बसलेला?"

किमेऊ डोकं खाजवायचा. पाहुणे काहीही ऐकून हसायचे. ही हसत नसे, खोदत असे. पण हळूहळू त्याची जीभ घरातही वळायला लागली. मुंबुआ अभ्यास सोडून येऊन बसायची, ओचोलाची आई साखर मागायला म्हणून यायची आणि हलायची नाही. कवाता तिला साखर लगेच द्यायची आणि दारापर्यंत पोचवायची.

आणि सगळं सांगून झालं की ती विचारायची, "आज ती आली होती?"

किमेऊ खोटं बोलत नसे. "आली होती. दोनच मिनिटं."

"काय केलं?"

"नदी ओलांडली."

"हं," कवाता म्हणायची आणि त्या दिवशी आलं कमी घालायची. रुमाल तिने ट्रंकेतून काढला नाही तो नाहीच.

अशी नऊ वर्षं गेली. मुंबुआ लग्न होऊन नाकुरूला गेली. मग कवाताच्या मूत्रपिंडांनी हात टेकले आणि तिला शहरातल्या एका दवाखान्यात ठेवलं. किमेऊने त्या महिन्यात अर्ध्या दिवसाच्याच फेऱ्या घेतल्या. दुपारी भेटीच्या वेळेला तो धुळीच्या बुटांनीच वॉर्डात यायचा, खाटेशी बसायचा आणि सकाळपासूनचं सगळं सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची. एखादी गोष्ट त्याने घाईने उरकली तर डोळे उघडायची.

पुढे ताप चढला, तो उतरलाच नाही. नंतर ती जे बोलली ते तापातलं होतं, त्यात माणसांची नावं उलटसुलट झाली होती. शुद्धीतलं शेवटचं ती बोलली त्याआधीच्या दुपारी; किमेऊ तेव्हा एका सिंहिणीची गोष्ट सांगत होता. तिने तीन पिल्लं एकेक करून रस्त्यापलीकडे नेली होती आणि दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या होत्या, आणि तिसरं पिल्लू मध्येच, बरोबर रस्त्याच्या मधोमध, बसलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने कूस वळवली होती. सलाईन बदलायला आलेली एक तरुण नर्स नवी बाटली अडकवून झाल्यावरही खाटेच्या दांडीला रेलून उभीच होती.

"बसलं? मग?" नर्सने विचारलं.

कवाताने डोळे उघडले. तिच्याकडे नीट पाहिलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्हाला दुसरे पेशंट नाहीत का?"