उलटवलेली पाकिटं

किस्से आणि रद्दी यांची जात एकच. आपण मुद्दाम जमवत नाही. रोज थोडं थोडं येतं, कोपऱ्यात पडतं, आणि एके दिवशी दार उघडायला जागा उरत नाही. रद्दीला निदान भंगारवाला आहे. किस्से न्यायला कोण येणार? म्हणून तुम्हाला बसवून सांगतो.

नंदुरबारला मी तीसहून जास्त वर्षं बातमीदारी केली. खचलेले रस्ते, बंद दवाखाने, पगाराला हजर आणि शाळेला गैरहजर असलेले मास्तर, सगळ्यांशी भांडलो. जे छापून आलं ते घरात साठवलं. शेवटी बायको म्हणाली, "या घरात एक तर हे कागद राहतील, नाही तर मी." मी विचार करायला दोन दिवस मागितले. ही चूक झाली. दुसऱ्या सकाळी मालतीताई हातगाडी घेऊन दारात.

मालतीताई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या कार्यानुभवाच्या बाई. स्टेशनाकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या गोदामात त्या चार बायकांना घेऊन शुभेच्छापत्रं करतात. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, केळीच्या खोडाचा धागा, सगळं टबात भिजवायचं, मिक्सरमधून काढायचं, लगदा जाळीच्या चौकटीवर पसरायचा आणि चादरीवर वाळवायचा. प्रत्येक कार्ड एकाच माणसासाठी. त्यातलं नाव त्याचं, मजकूर त्याचा, चित्रही त्याच्याच अंगणातलं.

मी तावातावानं तिथं गेलो. म्हटलं, "ताई, माझा उभा जन्म तुम्ही भिजत घातलात."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "नाना, तुमची एखादी बातमी कुणी जपून ठेवली होती का? आता ठेवतील."

भांडायला गेलो होतो, तो तिथंच राहिलो. मजकूर लिहायचा आणि शुद्धलेखन तपासायचं, हे माझ्याकडे आलं.

*

पाकिटांचं खातं सुमनकडे. सुमन मूळची धानोऱ्याची, दिली नंदुरबारात. घरातही अहिराणी, गोदामातही अहिराणी. कुठल्याशा कचेरीनं रद्दीत काढलेली वापरलेली पाकिटं आमच्याकडे गोण्यांनी येतात. सुमन त्यांचे डिंक लावलेले जोड सोडवते, पाकीट उलटं करते आणि पुन्हा चिकटवते. पत्ता, शिक्के, सह्या सगळं आत जातं, कोरी बाजू बाहेर येते.

मी तेव्हाच बोललो होतो की सरकारी कागद लोकांच्या कामाला यायचा असेल तर तो असाच उलटा करावा लागतो. आत 'गोपनीय', 'तातडीचे' असले शिक्के राहतात, ते खोडा, असंही म्हटलं होतं. मालतीताई म्हणाल्या, "पाकिटाच्या आत कोण डोकावतं?"

गोदामाचा दुसरा नियम असा की बिघडलेलं काही फेकायचं नाही. चुकलेलं कार्ड परत टबात. सुमन दर वर्षी आखाजीच्या आधी एक कार्ड करायची, अगदी मन लावून, आणि संध्याकाळी स्वतःच फाडून टबात टाकायची. त्यात काही चुकलेलं नसायचं.

ते कार्ड तिच्या भावाचं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो. सुमनला नऊ वर्षं मुऱ्हाळी आलेला नाही. आई रात्री अत्यवस्थ झाली तेव्हा भावानं ठरवलं, आता कशाला घाबरवायचं, सकाळी कळवू. सकाळी कळवलं. ही पोचली तेव्हा चिता विझत आली होती. दहाव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर ती म्हणाली, आजपासून मला माहेर नाही. तोही समजूत काढायला आला नाही. दोघंही एकाच आईची, हट्टाला सारखीच.

*

लगदा फार बारीक केला तर कागद मेल्यासारखा दिसतो, म्हणून मालतीताई तो थोडा जाडसर ठेवतात. मग वर्तमानपत्रातली अक्षरं कधी कधी जगतात.

एक बाई आली. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी. लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड हवं होतं. कार्ड वाळलं, मी तपासायला घेतलं, तर नवऱ्याच्या नावाच्या बरोब्बर खाली ठळक टायपात एक शब्द शाबूत: 'फरार'. माझीच बातमी होती. मथळाही मीच दिला होता.

मी घाईघाईनं कार्ड टबाकडे नेत होतो. बाईनं हात धरला. "राहू द्या ना. तुम्हाला कसं कळलं?"

तसंच पाठवलं. नवरा त्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधीच आला. कारखान्यात ते कार्ड ज्याच्या त्याच्या हातात फिरलं होतं, आणि मुकादमानं स्वतःहून सुट्टी दिली होती. म्हणाला, "जा बाबा, हजर हो."

तीस वर्षांत माझ्या बातमीनं एकही फरार माणूस हजर झाला नव्हता.

*

धडगावच्या वरच्या एका पाड्यातली मुलगी इथं नर्सिंगला. आईसाठी कार्ड पाहिजे म्हणाली. मजकूर विचारला तर म्हणे मजकूर नको, आईला वाचता येत नाही. मला राग आला. म्हटलं, मग कार्ड कशाला, फोन कर. म्हणे, पाड्यात फोन लागत नाही, लागला तरी आई ओरडून बोलते आणि मी काही विचारायच्या आत ठेवून देते.

तिनं कार्डावर ज्वारीचे दाणे चिकटवले. परीक्षा संपून घरी जायला जितके दिवस, तितके दाणे. रोज एक काढायचा, संपले की मी येते, असा निरोप जीपवाल्याजवळ दिला. बायकांनी तिला उचलून धरलं. मला तपासायला काही उरलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिची आई गोदामाच्या दारात उभी. हातात कार्ड, कार्डावर एकही दाणा नाही. घाटातून शेवटची जीप धरून आली होती. होस्टेलच्या फाटकावर कुणी आत घेईना, तेव्हा कार्ड दाखवत, विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचली. दाणे संपले, पोरगी आली नाही, म्हणजे पोरीला काहीतरी झालं.

मुलीला बोलावून आणलं. मायलेकी त्यांच्या पावरी बोलीत काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण मुलगी आधी रडली आणि मग पोट धरून हसली. कार्ड दमट झालं म्हणून आईनं ते अंगणात उन्हाला ठेवलं होतं. अंगणात कोंबड्या होत्या.

सगळे हसले. सुमन तेवढी हसली नाही. पाकीट चिकटवता चिकटवता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पन सकायनी वाट नही दखी तिनी." म्हणजे, सकाळची वाट पाहत नाही बसली ती.

*

केळीची खोडं आम्हाला तापीकाठचा एक गुजर शेतकरी पुरवतो. शेतावर वाघ, बोलायला मांजर. एकदा खोडं उतरवून झाल्यावर तसाच घुटमळत राहिला. लग्नाला तीस वर्षं होणार होती, बायकोला कार्ड द्यायचं होतं. "तुम्ही पेपरवाले. लिहा काहीतरी चांगलं."

मी म्हटलं, चांगलं म्हणजे काय? वहिनींना काय आवडतं ते सांगा.

तो विचारात पडला. मग केळीवर पडलेल्या करप्याबद्दल बोलला, कापसाबद्दल बोलला, उसाच्या तोडीबद्दल बोलला, आणि उद्या येतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी आला, तेच. बाहेर जाऊन अंकलेश्वरला दिलेल्या लेकीला फोन लावला. लेक त्याच्यावरच ओरडली असावी, कारण त्यानं फोन कानापासून लांब धरला होता.

तिसऱ्या दिवशी मात्र चेहरा निराळा. म्हणाला, "विचारलं."

"कोणाला?"

"तिलाच. काय आवडतं तुला, म्हणून."

"मग काय म्हणाल्या?"

"भाकरी टाकत होती, ती तव्यावरच राहिली. जळली." चेहरा पुसत म्हणाला, "मग म्हणाली, हेच आवडलं."

कार्डावर काय लिहायचं असं मी विचारलं, तर म्हणे आता कशाला लिहायचं. कोरं कार्ड घेऊन गेला.

*

आता माझी फजिती. ती सांगितली नाही तर बाकीच्यांचे किस्से सांगायचा मला हक्क नाही.

या वर्षी आखाजीच्या आधी सुमन माझ्याकडे आली. म्हणाली, नाना, दर साली मीच लिहिते आणि मलाच पटत नाही. तुम्ही लिहा. चांगल्या मराठीत लिहा, भाऊ शिकलेला आहे.

मला भरून आलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी माझ्या लेखणीवर काहीतरी खरं सोपवत होतं. मी दोन दिवस लावले. 'प्रिय बंधू, आपणांमध्ये निर्माण झालेला दुरावा दूर व्हावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. झाले गेले विसरून आपण योग्य तो निर्णय घ्यावा.' एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. मालतीताईंनी वळणदार अक्षरात उतरवलं.

सुमननं ते दोनदा वाचलं. मग अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "नाना, हाई तं तहसीलनी नोटीस दिखस."

बाकीच्या तिघी टबाच्या मागं तोंड लपवून हसत होत्या. मी संतापलो. आधी तिच्यावर, मग त्या तिघींवर. घरी जाऊन पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, हिशेबानं खरा संताप कुणावर यायला हवा होता. इथली माणसं रडतात अहिराणीत, भांडतात अहिराणीत. शुद्ध मराठी त्यांच्या दारात येते ती शाळेची नाही तर कचेरीची होऊन. आणि मी जन्मभर त्यांचं बोलणं शुद्ध करून छापत आलो!

दुसऱ्या दिवशी माझं कार्ड मी स्वतःच टबात टाकलं. बाई, तुझं तू लिही, म्हटलं. तपासणार नाही.

तिनं एका बैठकीत लिहिलं. मी तपासलं नाही, फक्त वाचलं. 'दादा, आखाजी उनी. निमले झोका बांधा का?'

आखाजी आली, लिंबाला झोका बांधला का, एवढंच. खाली फक्त 'सुमी'.

संध्याकाळी ती कार्ड घेऊन टबापाशी उभी राहिली. आम्ही सगळे आपापल्या कामात आहोत असं दाखवत होतो. तिनं कार्ड फाडलं नाही. ढिगातलं वरचं पाकीट उचललं, कार्ड आत सरकवलं, तोंड चिकटवलं, पुढं भावाचा आणि मागं गोदामाचा पत्ता लिहिला, आणि चपला घालून पोस्टाकडे गेली.

*

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. बायका आवरत होत्या, सुमनचे हात कोपरापर्यंत लगद्यात. दाराशी मोटरसायकल थांबली, थांबली कसली, आपटली. धानोऱ्याकडून आलेला पन्नाशीचा माणूस, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कुणाला काही न विचारता तो सरळ आत आला आणि सुमनला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळून उभा राहिला. धडधाकट आहे ना, हे पाहत असावा.

"काय व्हयनं, सुमी?"

सुमननं हात लगद्यातून बाहेर काढले. "काय व्हयनं म्हनजे?"

त्यानं खिशातून पाकीट काढलं. उघडताना घाईत चारी बाजूंनी फाटलेलं, सपाट पसरलेलं. आतल्या बाजूला, मधोमध, लाल शाईचा चौकोनी शिक्का: 'तातडीचे'.

"दुफारले भेटनं," तो म्हणाला. त्याला अजून दम लागत होता. "यावक्ती सकायनी वाट नही दखी मी."

मालतीताईंनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला.

सुमननं शिक्क्याकडे पाहिलं. मग त्याच्या चपलांकडे पाहिलं. ओले हात पदराला पुसले, आणि पाकीट त्याच्या हातातून घेतलं.

"हां दादा," ती म्हणाली. "तातडीनंच शे."